गावकामाचे दप्तर पाहण्याचा आपला हक्क



मोंढ्यात सोयाबीन नेले की आपण काट्यावरची नजर हलवत नाही. मग आपल्या शिवारातल्या नालाबांधाचे माप कागदावर काय लिहिले आहे, तेही पाहायला नको का? बांध ठरल्यापेक्षा ठेंगणा झाला तर पाणी कमी अडते, आणि उन्हाळ्यात तळ गाठते ती आपलीच विहीर.

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू आहे. त्यात नुसत्या नकला मिळतात असे नाही, बरं का. दप्तर समक्ष पाहणे, टिपण घेणे, कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या मालाचा नमुना घेणे, हे सारे त्यात येते.

काय करावे?

१. काम ज्या कार्यालयाचे, तेथील जन माहिती अधिकाऱ्यास अर्ज द्या. विषय एकच, शब्द दीडशेच्या आत. ‘अमुक कामाचे दप्तर समक्ष पाहावयाचे आहे’ असे स्पष्ट लिहा. कारण सांगावे लागत नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, लिहून घेण्यास मदत करणे अधिकाऱ्याचे काम आहे.

२. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास फी माफ आहे, दाखला जोडावा. पोच जरूर घ्या.

३. अर्ज दुसऱ्याच कार्यालयात गेला, तर ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठविणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करा.

४. पाहणीचा पहिला तास मोफत असतो. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि रोकडवही एकमेकांशी ताडून पाहा. मजुरांचे काम असल्यास हजेरीपटही मागा. लांबी, रुंदी, उंची उतरवून घ्या आणि टेप घेऊन बांधावर जा.

याशिवाय आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागील वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाची टिप्पणी मांडणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. तिथे विचारायला अर्ज लागत नाही. त्या दिवशी शेताची कामे थोडी मागे ठेवा, पण सभेला जा. भगिनींनीही यावे.

माप बरोबर निघाले तर तसे चारचौघांत सांगा. कमी निघाले तर आवाज न चढवता आकडे मांडा आणि ठरावात नोंद करून घ्या. भांडण विसरले जाते, नोंद राहते.