दुय्यम विषय खगोलशास्त्र
(सुवर्ण महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



माझ्या नातीने पदवीसाठी गणिताबरोबर खगोलशास्त्र हा दुय्यम विषय निवडला, तेव्हा पहिला विरोध माझाच होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. ‘‘तारे मोजून कुणाचे पोट भरले आहे?’’ असे मी तिला विचारले.

तेव्हा ती गप्प राहिली. पुढे चातुर्मासात आम्ही चौविहारासाठी बसलो असता भिंतीवरील पच्चक्खाणाचा तक्ता पाहून म्हणाली, ‘‘दादा, हा तर मुंबईचा आहे!’’ पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. सोलापूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे ३ अंशांवर. म्हणजे आपला सूर्यास्त जवळजवळ १२ मिनिटे आधी होतो. अक्षांशामुळे हा फरक उन्हाळ्यात थोडा वाढतो, हिवाळ्यात घटतो. तक्त्यातील अखेरच्या मिनिटाला पाणी घेणारा मी कित्येक वर्षे सूर्यास्तानंतर पाणी घेत होतो! नवकारशीला मात्र ४८ मिनिटांऐवजी तासभर थांबत होतो. ती जमा आणि ही नावे, असा हिशेब धर्मात चालत नाही.

सूर्यप्रज्ञप्तीत पाच वर्षांचे युग १८३० दिवसांचे असून त्यात ६२ चांद्रमास सांगितले आहेत. भागाकार केल्यास एक मास सुमारे २९.५२ दिवसांचा येतो. आजचे शास्त्र २९.५३ सांगते. हे गणित नातीने मांडले तेव्हा मला अभिमान वाटला. परंतु त्याच परंपरेत जंबूद्वीपावर दोन सूर्य आहेत. एका सूर्याला मेरूभोवती फिरण्यास ६० मुहूर्त, म्हणजे दोन अहोरात्र लागतात. म्हणून रोजच्या उदयासाठी दुसरा सूर्य. ‘‘मग खरे कोणते?’’ मी विचारले. ती म्हणाली, ‘‘सूर्य एकच, दादा. पण तो विचार किती नेटका आहे!’’ माझ्या श्रद्धेचा आणि तिच्या गणिताचा ताळेबंद अद्याप जुळलेला नाही. मला घाईही नाही.

आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात दुय्यम विषयासाठी रकाना नाही. तो असावा, ही विश्वस्तांना नम्र विनंती. नातीने वर्षभराचा सोलापूरचा तक्ता तयार केला आहे. मी छतावरून घड्याळ लावून काही दिवस तो पडताळला. संमती मिळाल्यास उपाश्रयातील जुना तक्ता मी उद्याच स्वहस्ते उतरवीन.

जय जिनेंद्र!