समाजमाध्यमांचे व्यसन आणि आमची तरुण मंडळी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके वाटून झाल्यावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांनी उपदेश करावा आणि मुलांनी तो खाली मान घालून ऐकावा, असा प्रघात आहे. माना आजही खाली आहेत. मात्र त्या विनयाने झुकलेल्या नसून मांडीवरील मोबाईलकडे वळलेल्या आहेत, हे व्यासपीठावरून आम्हांस स्पष्ट दिसते. पुढच्या रांगेतील ज्येष्ठ मंडळींची स्थितीही फारशी निराळी नाही, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

म्हणून प्रथम हे यंत्र आपणांस धरून कसे ठेवते, ते पाहू. पुस्तकाला पान असते, वर्तमानपत्र शेवटच्या पानावर संपते. तेथे वाचणारा क्षणभर थांबतो आणि उठतो. आझा रास्किन नावाच्या अमेरिकन रचनाकाराने 2006 साली अशी युक्ती काढली की, बोट सरकवीत राहावे आणि मजकुराला शेवटच येऊ नये. पुढे त्यानेच याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. पण तोवर युक्ती जगभर पसरली होती. दुसरी गोष्ट याहून जुनी. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, की ते पाखरू चोच मारीतच राहते. आपल्या छायाचित्राला किती जणांनी पसंतीचा अंगठा दाखविला, हे दर पाच मिनिटांनी पाहणारा मुलगा त्याहून वेगळे काय करतो? फेसबुकने तो अंगठा 2009 साली आणला. सोळा वर्षांच्या मुलाची स्वतःविषयीची किंमत तेव्हापासून आकड्यांत मोजली जाऊ लागली.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. 'व्यसन' हा शब्द आम्ही व्यवहारातील अर्थाने योजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळांच्या अतिरेकी नादाला विकार म्हणून स्थान मिळाले, समाजमाध्यमांना स्वतंत्रपणे नाही. तरीही बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेला 2014 साली अशा तक्रारींसाठी वेगळा चिकित्सा विभाग उघडावा लागला, यावरून काय ते समजावे.

आणि हे यंत्र मुलांच्या हाती दिले कोणी? 2020 साली शाळा बंद पडल्या, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून आम्हीच दिले. आमच्या घरीही दिले. शाळा पुन्हा उघडल्या. यंत्र परत घेण्याचे मात्र कोणास सुचले नाही.

केवळ वेळ वाया जात असता, तर आम्ही आज इतके गंभीर झालो नसतो. आमच्या लहानपणीही वेळ वाया घालविण्याची साधने पुष्कळ होती. चिंता आहे ती वळणाची. वाढदिवसाचा केक तलवारीने कापावयाचा, त्याचे चित्रीकरण करून लोकांना दाखवावयाचे आणि मग शस्त्र कायद्याखाली पोलीस चौकीत जाऊन बसावयाचे, असे प्रकार महाराष्ट्रातील शहरांत वारंवार घडले आहेत. त्यांतील पुष्कळ मुले सराईत गुंड नव्हेत. प्रेक्षक मिळाला, म्हणून ती धीट झाली.

आता जे सांगावयाचे आहे, ते सांगताना संकोच होतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील अकरावीच्या एका मुलाने वर्गातील मुलीच्या नावाने खोटे खाते उघडले आणि तिच्या छायाचित्राखाली नको तो मजकूर लिहिला. मुलगीही आपल्यातलीच. तोतयेगिरी करून फसवणूक करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मुलगा अज्ञान असल्याने प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेले असते. ते गेले नाही. मंडळाचे चार ज्येष्ठ मुलीच्या वडिलांकडे गेले आणि ज्ञातीची शोभा होईल, मुलाचे वर्ष फुकट जाईल, असे सांगून त्यांनी तक्रार मागे घेवविली. त्या चौघांत आम्ही होतो. मुलाचे वर्ष वाचले. मुलीने महाविद्यालय सोडले. तिचे वर्ष फुकट गेले, याचा विचार त्या बैठकीत एकानेही केला नाही. चहा मात्र दोनदा झाला.

त्या मुलाला पुढे आम्ही विचारले, असे का केलेस? तो म्हणाला, "काका, सगळे हसत होते." आम्हांस वाटते, यात सर्व आले. हसणारे समोर नव्हते आणि रडणारीही समोर नव्हती. समोरासमोर तो मुलगा त्या मुलीशी वर मान करूनही बोलला नसता.

उपाय काय? सरसकट बंदीवर आमचा फारसा विश्वास नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तेथील ग्रामसभेने 2022 साली ठराव केला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाईल व दूरदर्शन संच बंद राहत. मुलांचे बंद आणि थोरांचे चालू, असा त्यात भेद नव्हता. आम्हांस तीच गोष्ट मोलाची वाटली. पहाटे पाचपासून मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर सुप्रभात पाठविणाऱ्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.

मंडळापुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. सभागृहाशेजारची खोली, जी सध्या खुर्च्या ठेवण्यापुरती उरली आहे, ती रोज सात ते साडेआठ या वेळात अभ्यास व वाचनासाठी उघडावी. किल्ली सांभाळण्याचे काम आम्ही पत्करतो. दुसरी विनंती अशी की, पुन्हा असा प्रसंग आल्यास तडजोडीसाठी मंडळाचे कोणीही मुलीच्या दारी जाऊ नये. जावयाचेच तर तक्रार नोंदविताना सोबत करण्यासाठी जावे. सायबर गुन्ह्यांसाठी 1930 हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो प्रत्येक घरी लिहून ठेवावा.

ते कुटुंब तेव्हापासून संमेलनास आलेले नाही. त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागण्यासाठी आम्ही येत्या रविवारी निघणार आहोत. उरलेल्या तिघांपैकी दोघे येथे उपस्थित आहेत. त्यांनी सकाळी नऊ वाजता आमच्या घरी यावे.