तेलाचा ताप कुठे पाहावा?

अंगात ताप आहे की नाही हे पाहायचे झाले, तर आपण थर्मामीटर काखेत तरी लावतो, नाहीतर जिभेखाली. दोन्हीकडचे आकडे सारखे येत नाहीत. म्हणून डॉक्टर विचारतात, "कुठे लावून पाहिलात?" मोटारीच्या तेलाचा ताप पाहताना मात्र हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मीटर आणायचा, भोक सापडेल तिथे सेन्सर बसवायचा, आणि काटा दाखवील ते खरे मानायचे!

"पाण्याचा काटा आहे ना, मग तेलाचा हवाच कशाला?" असे कोणी म्हणेल. पण पाण्याला थर्मोस्टॅट असतो. तेलाला बहुतेक गाड्यांत असा राखणदार नसतो. सकाळी पाण्याचा काटा मधोमध आला तरी तेल अजून गारच असते. उलट, भरल्या गाडीने कसारा घाट चढताना पाण्याचा काटा जागचा हलत नाही आणि तेल मात्र तापत जाते. तेल तापले की पातळ होते, आणि क्रँक व बेअरिंग यांच्यामधला तेलाचा पापुद्रा बारीक होतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो. मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

आता तेलाचा प्रवास पहा. तळाच्या चेंबरमधून पंप ते ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, तिथून ते मुख्य वाहिनीने बेअरिंगांना पोचते आणि तापून पुन्हा चेंबरमध्ये गळते. म्हणजे 'तेलाचे तापमान' असा एकच आकडा नसतोच. जागा सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

सर्वांत भरवशाची जागा चेंबरची. तिथे सगळीकडचे तेल एकत्र होऊन मिसळते. सेन्सर बाजूच्या भिंतीत बसवावा. त्याचे टोक तेलाच्या किमान पातळीच्याही खाली बुडालेले असावे, आणि क्रँक किंवा पंपाच्या जाळीला ते लागू नये. ड्रेन प्लगच्या जागी बसणारे सेन्सर मिळतात. भोक पाडावे लागत नाही, ही त्यांची सोय. पण तिथे तो गाडीच्या पोटाखाली लोंबतो. एखाद्या दगडाने तो फुटला, तर मीटरबरोबर तेलही जाईल.

दुसरी जागा फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसवायच्या चकतीत. तिथे वाहते तेल मिळते, हे उत्तम. मात्र गाडीला ऑइल कूलर असेल, तर हे तेल कूलरच्या आधीचे की नंतरचे, हे आधी ठरवून घ्यावे.

जुन्या फोक्सवॅगन बीटलचे इंजिन हवेने थंड होणारे. पाण्याचा काटाच नाही, आणि तेल जेमतेम अडीच लिटर. म्हणून डिपस्टिकच्या जागी बसणारा सेन्सर तिचे मालक पुष्कळदा वापरतात. युक्ती सोपी आहे, पण पातळी घटून टोक उघडे पडले की आकडा फसवा.

टाळावी अशी जागा म्हणजे तेलाच्या दाबाच्या स्विचजवळ टी लावून काढलेला फाटा. तिथे दाब पोचतो, पण तेल वाहत नाही. आतले तेल तसेच पडून निवते, आणि काटा थंड दाखवीत राहतो.

जागेइतकेच तारेलाही महत्त्व आहे. नेहमीच्या सेन्सरचा विद्युत्‌रोध तापमान वाढले की कमी होतो, आणि एकतारी सेन्सरचे अर्थिंग त्याच्या अंगातूनच होते. आट्यांवर टेप गुंडाळली, गंज चढला किंवा तार तुटली, तर रोध वाढतो आणि काटा खाली जातो. म्हणजे बिघाड झाला तर मीटर "सारे ठीक आहे" असेच सांगणार! म्हणून बसवण्यापूर्वी सेन्सर उकळत्या पाण्यात धरून, त्याच्या अंगाला अर्थिंगची तार जोडून, काटा पाहावा. मुंबईत तो 100 अंशांवर यावा. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी 95-96 अंशांनाच उकळते, हेही ध्यानात ठेवावे. सेन्सर आणि मीटर एकमेकांच्या जोडीचेच हवेत.

चेंबरमध्ये 90 ते 110 अंश म्हणजे प्रकृती ठीक. 80च्या आत असताना इंजिन ताणू नये. 130च्या पुढे काटा गेला की पाय हलका करावा, जागा पाहून थांबावे, आणि इंजिन लगेच बंद न करता थोडे मंद चालू ठेवावे, म्हणजे तेल फिरत राहून निवते. सिंथेटिक तेल याहून अधिक सोसते. त्याची मर्यादा गाडीच्या पुस्तकात पाहावी.

तेव्हा एकच सेन्सर बसवायचा असेल तर तो चेंबरच्या बाजूला बसवा, आणि फिटरकडून गाडी घेताना एवढे जरूर विचारा, "कुठे लावलात?" काटा नसलेला चालक निदान सावध तरी असतो, खोट्या काट्यावर विसंबणारा तेवढाही नसतो.