वाढीव खोली बांधण्याआधी



बारामती तालुक्यातल्या सोमेश्वरनगरच्या आसपास, निंबूतपासून वाणेवाडी-मुरूमपर्यंत कुठंही जा, जुन्या घराला लागून एखादी नवी खोली उभी राहताना दिसते. दहा बाय बाराची, वर पत्रा, शेजारी न्हाणी. धाकट्याचं लग्न ठरलंय, चूल वेगळी मांडायची आहे. किंवा कारखान्यातला नोकरदार, कॉलेजातली मुलं भाड्यानं राहायला येणार आहेत. उसाचं बिल जमा झालं की गवंडी येतो. परवानगीचा विषय निघतो तो बँकेत कर्ज मागताना, नाहीतर भावकीत वाटपाची बोलणी सुरू झाल्यावर. तोवर भिंती उभ्या राहिलेल्या असतात.

पहिला प्रश्न जागेचा. घर गावठाणात आहे की शिवारातल्या वस्तीवर?

वस्तीवर असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ पाहावी लागते. शेतावरच्या इमारतीची व्याख्या तिथं बरीच उदार आहे. अवजारं, खत, वैरण, धान्य ठेवायची जागा, जनावरांचा गोठा, इतकंच नव्हे तर जमीनधारकाचं कुटुंब, त्याचे नोकर आणि कुळं यांचं राहणंही तिच्यात बसतं. म्हणजे धाकट्या मुलाची खोली किंवा सालगड्याचं घर हा शेतीचाच भाग. पण तीच खोली विद्यार्थ्यांना भाड्यानं दिली, की शेतीशी तिचं नातं तुटतं आणि बिगरशेतीचा प्रश्न येतो. भिंती त्याच, छप्पर तेच. फरक पडतो तो आत राहतं कोण यानं. हे आपल्याकडं फार थोड्यांना माहीत असतं.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला याच संहितेच्या ४२-ड कलमाचा आधार मिळाला. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरून तिथं निवासी वापराची सनद मिळू लागली. बांधकामाचे नियम मात्र पाळावेच लागतात.

गावठाणात वाट आणखी सोपी आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. पाठोपाठ फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागानं जाहीर केलं, की सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायचं असेल तर मालकीचा कागद, मोजणी नकाशा, घराचा नकाशा, तो नियमात बसतो असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि विकास शुल्काची पावती ग्रामपंचायतीत द्यायची आणि काम सुरू करायचं. १६०० ते ३२०० चौरस फुटांसाठी शुल्क भरल्यावर दहा दिवसांत ग्रामपंचायतीनं परवाना द्यायचा आहे. नगररचना कार्यालयात हेलपाटे घालायची गरज नाही.

मालकीच्या कागदाशी मात्र बरेच जण अडतात. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. म्हणूनच ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देण्याचं काम महत्त्वाचं. त्याचा पहिला प्रयोग शेजारच्याच पुरंदर तालुक्यात, सोनोरीत झाला.

घरालगत दुसरं छोटं घर ही गरज जगभर आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं अशा घरांच्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय देण्याचं बंधन नगरपालिकांवर घातलं. आपला नियम कागदावर त्याहून वेगवान आहे. कमी पडते ती माहिती. प्रत्येक ग्रामपंचायतीनं हा नियम आणि शुल्काचा तक्ता दाराशी फलकावर लावायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तुम्हाला एक विनंती. पाया खणण्याआधी शेजाऱ्याची हद्द मोजून घ्या. आपल्या पत्र्याचं पाणी त्याच्या भिंतीवर पडणार नाही एवढी जागा सोडा. मग कागद घेऊन ग्रामपंचायतीत जा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.