दुसऱ्या संघाची चौकशी

बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या शिरपुरांत घरोघरीं एकच खल सुरू होतो : मुलास येथेंच ठेवावें, कीं धुळ्यास, जळगांवास, नाशकास किंवा पुण्यास धाडावें? मुलगा अथवा मुलगी खेळाडू असेल तर आणखी एक प्रश्न पडतो. खेळाच्या दृष्टीनें महाविद्यालय कोणतें चांगलें? पालक कपाटांतील ढाली पाहतात आणि निर्णय करून मोकळे होतात. परंतु त्या ढाली पहिल्या संघानें जिंकलेल्या असतात. नवा विद्यार्थी त्या संघांत आरंभींचीं एकदोन वर्षें बहुधा नसतो, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं.

साधा हिशेब करूं. मैदानावर कबड्डींत ७ गडी उतरतात, खोखोंत ९, क्रिकेटांत ११. निवडीस ४० मुलें आलीं, तर क्रिकेटांत २९ बाहेर उरतात. या २९ जणांचें पुढें काय होतें, यावरून महाविद्यालयाची पारख करावी, असें माझें मत आहे.

अमेरिकेंत बेसबॉलच्या बाबतींत पालकांना हाच पेंच पडतो. तेथील तिसऱ्या श्रेणीचीं महाविद्यालयें खेळाबद्दल शिष्यवृत्ति देत नाहींत. तरी त्यांपैकीं कित्येक मोठा ताफा बाळगतात आणि दुय्यम संघहि चालवितात. यांत दोन प्रकार आहेत. कांहीं ठिकाणीं दुय्यम संघास स्वतःचा मार्गदर्शक आणि बाहेरच्या संघांशीं ठरलेले सामने असतात. कांहीं ठिकाणीं मात्र फी भरणारे विद्यार्थी वाढावेत, हाहि भरतीमागील एक हेतु असतो. म्हणजे केवळ संख्येवरून कांहींच ठरत नाहीं. सामने मोजावे लागतात.

हें तत्त्व आपल्याकडेहि नवें नाहीं. मुंबईंत १९४८ सालीं सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यांत, निरनिराळ्या विभागांत खेळविली जाते. त्यामुळें खालच्या विभागांतील लहान क्लबाच्या पोरासहि खरा सामना मिळतो, आणि चांगला खेळ करणारा क्लब वर चढतो.

म्हणून प्रवेशापूर्वीं चार गोष्टी विचाराव्या. गेल्या वर्षीं दुसऱ्या संघानें बाहेरच्या संघांशीं किती सामने खेळले? त्यास शिकवितो कोण? त्यांतून पहिल्या संघांत किती जण गेले? आणि मध्येंच खेळ सोडणारे किती? हे प्रश्न कचेरींत विचारावेच. पण सायंकाळीं मैदानावर जाऊन दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या राखीव खेळाडूसहि विचारावे. दोन्ही उत्तरें जुळलीं तर निश्चिंत असावें.

एखाद्या लहान महाविद्यालयांत पंधराच मुलें असतील, पण सारीं खेळत असतील, तर तें कमी लेखूं नये. पदवीचीं तीन-चार वर्षें लवकर सरतात. तीं कडेला बसून घालवावयाचीं कीं खेळून, याचा विचार प्रवेशाच्या वेळींच झालेला बरा.