घरची सौर वीज आणि लिथियम बॅटरीची निगा

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागांत, मिरजेहून विजापुराकडे जाणाऱ्या वाटेवर जत हें गांव आहे. १९४८ सालापर्यंत तें डफळे घराण्याच्या संस्थानाचें ठाणें होतें. त्या वर्षीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. आज या तालुक्याचें नांव निघतें तें बहुधा अवर्षणाच्या संदर्भांत. मेघ येथें कृपण, सूर्य मात्र उदारहस्त! दिवसां लाभणारें हें ऊन रात्रीसाठीं सांठवावयाचें किती, आणि ज्यांत सांठवावयाचें ती महागडी बॅटरी टिकवावयाची कशी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एका गैरसमजाचा निरास करणें अवश्य आहे. छपरावर पॅनेल बसविलें म्हणजे वीज गेली तरी घरांत उजेड राहील, असें अनेकांस वाटतें. तसें होत नाहीं. बॅटरीवांचून केवळ महावितरणच्या तारांस जोडलेला संच, तारांतील वीज गेली कीं आपोआप बंद पडतो. दुरुस्तीसाठीं खांबावर चढलेल्या कामगारास उलट बाजूनें विजेचा धक्का बसूं नये म्हणून ही योजना असते. २०२४ सालीं आरंभ झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत साह्य ठरविण्यांत आलें, तें पॅनेलच्या क्षमतेवर बेतलेलें आहे. बॅटरीचा खर्च बव्हंशीं गृहस्थासच सोसावा लागतो. तेव्हां तिच्या आकाराचा हिशेब दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं घरींच झालेला बरा.

टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढलेल्या कुटुंबास हा हिशेब शिकवावयास नको. रांजण केवढा हें छपराच्या आकारावरून ठरत नाहीं. रात्रीं घरांत पाणी किती लागतें यावरून ठरतें. समजा, एका मध्यम कुटुंबांत रात्रीं दोन पंखे ९ तास चालतात. जुन्या धर्तीचा पंखा ७५ वॅट खातो. म्हणजे पंख्यांचेच १३५० वॅट-तास झाले. रात्रभर फ्रिजचे सुमारे ५००, पांच दिव्यांचे १८०, दूरदर्शनसंचाचे १६० आणि इंटरनेटच्या पेटीचे १२० धरले, तर बेरीज २३१० येते, म्हणजे २.३ युनिट. इन्व्हर्टरमध्यें दहावा हिस्सा वायां जातो आणि बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत उपसावयाची नसते. तिच्या क्षमतेचा ८० टक्के भागच वापरावा. हे दोन्ही भागाकार केले कीं सुमारे ३.२ युनिटांची बॅटरी लागते.

आतां याच घरांत नव्या बनावटीचे, ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लाविले तर? पंख्यांचा खर्च ५४० वर येतो, एकूण बेरीज १५०० होते आणि २.१ युनिटांची बॅटरी पुरते. बाजारांत ५१.२ व्होल्टची ५० अँपियर-तासांची बॅटरी मिळते, तींत २.५६ युनिट मावतात. त्याच दाबाच्या १०० अँपियर-तासांच्या बॅटरींत ५.१२. पहिल्या घरास लहान बॅटरी अपुरी पडून बहुधा मोठी घ्यावी लागेल. दुसऱ्यास लहान बॅटरींत भागेल. दोन पंख्यांचा खर्च कांहीं हजारांचा, आणि बॅटरी मात्र निम्मी! विक्रेता हें आपण होऊन क्वचितच सांगतो.

पाण्याच्या मोटरची गोष्ट निराळी. एक अश्वशक्तीची मोटर थोडाच वेळ चालते, पण सुरू होतांना नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते. रांजण भरलेला असून उपयोग काय, तोटीच बारीक असेल तर? तिच्यापायीं मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षां मोटर भर दुपारीं, छपरावर ऊन असतां चालविणें शहाणपणाचें. तीन ढगाळ दिवसांची तरतूद म्हणून तिप्पट बॅटरी घेण्याचा सल्लाही पुष्कळदां दिला जातो. जेथें तारांची वीज रोज कांहीं तास तरी येते, तेथें ती उधळपट्टीच होय. एक किलोवॅटचें पॅनेल महाराष्ट्रांत सरासरीनें दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतें. लहान बॅटरी भरून वर दिवसाचा वापर त्यांत निघतो. आषाढांत उत्पन्न घटतें खरें. पावसाची सर न देणारे ढगही ऊन मात्र अडवितात, हें जतकरांस ठाऊक आहेच.

लिथियम बॅटरींत जाती आहेत. घरासाठीं लिथियम-लोह-फॉस्फेट ही जात मागावी. हें द्रव्य १९९७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनीं पुढें आणलें. गुडइनफ यांस २०१९ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. कोबाल्टयुक्त जातींहून ही शांत स्वभावाची आहे व अधिक वर्षें टिकते. तथापि ती पेटतच नाहीं असें समजूं नये. पेटल्यास विषारी धूर निघतो. यास्तव निजावयाच्या खोलींत, जिन्याखालीं किंवा एकुलत्या एक दाराजवळ तिची स्थापना करूं नये.

जत भागांत या बॅटरीचा मुख्य शत्रु उष्णता हा आहे. वैशाखांत पारा ४० अंशांवर जातो आणि पत्र्याच्या खोलींत त्याहूनही बराच वर चढतो. तापमान १० अंशांनीं वाढलें कीं रासायनिक झीज सुमारें दुप्पट वेगानें होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे माळ्यावर किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीस टेकवून ठेविलेली बॅटरी दहा वर्षांचें आयुष्य चार-पांच वर्षांतच संपवूं शकते. उत्तरेकडील सावलीची, वारा खेळणारी, जमिनीपासून थोडी उंच जागा तिला द्यावी. हमीपत्रांत किती तापमानापर्यंतची हमी आहे, तें खरेदीपूर्वीं वाचावें. वर्षांचा मोठा आंकडा पाहून हुरळूं नये.

शिशाच्या जुन्या बॅटरीच्या संवयी येथें उपयोगी नाहींत. हिला पाणी घालावयाचें नसतें. सदा काठोकाठ भरलेली ठेवण्याचा आग्रहही नको. भरलेली बॅटरी उन्हाळ्यांत तशीच पडून राहणें तिला बाधतें. मे महिन्यांत परगांवीं जावयाचें असल्यास ती निम्मी भरून बंद करावी. जुना इन्व्हर्टर वापरावयाचा असल्यास त्यावर लिथियमची सोय आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. शिशासाठीं असलेला जादा दाबाचा भरणा हिला घातक ठरतो.

व्होल्टमीटर पाहून हिची पातळी ओळखूं गेल्यास फसगत होते. बॅटरी पाऊण भरलेली असो वा पाव, प्रत्येक सेलचा दाब ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपासच राहतो. पातळी मोजणारें यंत्र आंत गेलेला व बाहेर आलेला प्रवाह मोजतें आणि हळूहळू चुकूं लागतें. म्हणून महिन्यांतून एकदोनदां बॅटरी पूर्ण भरूं द्यावी. त्या वेळीं आंतील रक्षक मंडल सर्व सेलही समान करून घेतें. या मंडलानें बॅटरी रिकामी म्हणून तोडली, तर तिला तशीच न ठेवतां त्याच दिवशीं भरावयास लावावें.

जोडणीचे नट सैल असतील तर ते तापतात. वर्षांतून एकदां जाणत्या कारागिराकडून ते तपासून घ्यावेत. बॅटरीच्या बाजूस एकदिश प्रवाहासाठींच बनविलेला फ्यूज व स्विच हवा. घरांतील नेहमींचा स्विच ती ठिणगी विझवूं शकत नाहीं. फुगलेली बॅटरी उघडूं नये, भंगारवाल्यासही देऊं नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तेव्हां पावती जपून ठेवावी आणि जुनी बॅटरी कोठें परत द्यावयाची, तें नवी घेतांनाच विचारून घ्यावें.