एक अक्षर, दोन क्रमांक



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्याने विचारले, "मेनफ्रेमवर शेल शिकण्याच्या गोष्टीत आम्हां गावकऱ्यांना काय गोडी?" जगातील पुष्कळ मोठ्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब आजही मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर होतात. ते कसे चुकू शकतात, हे ज्याचा पैसा त्यात आहे त्याने जाणून घ्यावयास नको काय?

या कथेत दोन घराणी आहेत. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम ३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. आजचे मेनफ्रेम तिचेच वंशज. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डावर ८० रकाने असत, म्हणून तेथे ८० अक्षरांची ओळ अजून भेटते. दुसरे घराणे युनिक्सचे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते सुरू केले. तेथे प्रत्येक साधन लहान आणि एकाच कामाचे. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती देण्याची सोय, म्हणजे 'पाइप', डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ साली आली. आपली आज्ञा घेऊन ती यंत्राकडून करवून घेणारा कारभारी तो शेल. आणि रोजच्या आज्ञा ओळीने लिहून त्याच्या हाती दिलेली यादी, ती स्क्रिप्ट. १९९० नंतरच्या दशकात आयबीएमने युनिक्सला मेनफ्रेमच्या वाड्यातच बिऱ्हाड दिले. टर्मिनलवर 'ओएमव्हीएस' अशी आज्ञा दिली की त्या बिऱ्हाडाचे दार उघडते.

पण वाड्याची लिपी निराळी. यंत्र अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखते. इंग्रजी मोठा ए 'आस्की' या सर्वत्र रूढ संकेतात ६५ आहे, तर मेनफ्रेमच्या 'एबसिडिक' संकेतात १९३. मजकूर तोच, पण मोडीत आणि बाळबोधीत लिहिलेला, असे म्हणा ना. शिवाय क्रमही बदलतो. आस्कीत अंक आधी आणि अक्षरे नंतर. एबसिडिकमध्ये अक्षरे आधी आणि अंक शेवटी.

याचा अर्थ मला शिकाऊपणी कळला. एका कचेरीत विमापत्रांच्या क्रमांकांच्या दोन याद्या ताडून पाहावयाच्या होत्या. काही क्रमांक अक्षराने सुरू होत, काही अंकाने. एक यादी मेनफ्रेमच्या जुन्या प्रोग्रॅमने क्रमाने लावलेली, दुसरी छोट्या संगणकावर. दुसरीची लिपी मी 'आयकॉन्व्ह' या साधनाने बदलून घेतली आणि निर्धास्त झालो. मग 'कॉम' ही आज्ञा असलेली माझी स्क्रिप्ट चालविली. ही आज्ञा दोन्ही याद्या एकाच क्रमाने लागल्या आहेत असे धरून वरून खाली उतरते. येथे लिपी बदलली होती, क्रम मात्र जुनाच राहिला होता. यंत्राने हूं की चूं केले नाही, आणि शेकडो क्रमांक 'गहाळ' ठरविले! त्या यादीवरून विमा बंद झाल्याची पत्रे निघावयाची होती.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सहज एक क्रमांक घेऊन दोन्ही याद्यांतून बोट फिरविले. म्हणाले, "अरे, हा तर दोन्हीकडे आहे!" पत्रे थांबली.

उपाय दोन ओळींचा होता. ताडण्यापूर्वी दोन्ही याद्या एकाच ठिकाणी, एकाच 'सॉर्ट'ने लावून घ्यावयाच्या. त्या 'सॉर्ट'ला 'सी' हे चिन्ह जोडले, की ती यादी लावीत नाही. क्रम बरोबर आहे की नाही एवढेच तपासते. नसेल तर स्क्रिप्टने तेथेच थांबावे, असे मी लिहून ठेवले.

स्क्रिप्ट लिहिणे म्हणजे आपले काम दुसऱ्यावर सोपविणे. हाताने काम करताना आपण नकळत शंभर गोष्टी पाहत असतो. कागदावर उतरविताना त्या पाहण्याच्या गोष्टीही उतरवाव्या लागतात. मेनफ्रेमने मला शेलच्या आज्ञा शिकविल्या त्या थोड्या दिवसांत. बोट फिरवून पाहण्याची सवय मात्र त्या एका दुपारी लागली, आणि ती अजून सुटलेली नाही.